कलिन्यातल्या आंटीकडे एक बुधवार

आधी खिसे रिकामे करा. मोबाइल, कार्डं, गाडीची किल्ली, सगळं इथंच राहू द्या. गांधीजींचं चित्र असलेल्या नोटाही काढून ठेवा. एक तर तिथं त्या चालणार नाहीत, आणि आपण ज्या कामाला चाललोय त्यासाठी त्या पुढे करणं बरंही दिसणार नाही. हे घ्या, थोडे आणे. शर्ट पँटच्या बाहेर सोडा, केसांना तेल चोपडा. मिटा डोळे. धक्का बसला की उघडायचे.

बसला? तो लोकलचा होता. सांताक्रूझ स्टेशन, १९५६ सालच्या मे महिन्यातला बुधवार, संध्याकाळचे सहा. घामानं पाठीला शर्ट चिकटलाय, पुढच्या माणसाच्या केसातलं खोबरेल तुमच्या नाकात गेलंय, आणि फलाटावर कुणीतरी पायावर पाय देऊन 'सॉरी' न म्हणताच निघून गेलंय. एवढं तरी ओळखीचं आहे. पूर्वेला उतरा. रिक्षा शोधू नका, ती अजून यायचीय. चालायला लागा.

रस्ता लवकरच मोकळा होतो. वाकोल्याला तानसाच्या पाण्याचे जाडजूड नळ आडवे येतात. पोरं त्यांच्यावरून अनवाणी पळताहेत. तुम्ही हात लावून बघा. दिवसभराचं ऊन लोखंडात अजून शिल्लक आहे. पलीकडे भाताची खाचरं कोरडी पडलीत, ढेकळं फुटलीत. विहिरीजवळ भाजीचे हिरवे तुकडे, शेणाचा वास, चुलीचा धूर. एवढ्यात डोक्यावर घरघर वाढत जाते आणि चार पंख्यांचं सुपर कॉन्स्टेलेशन कौलांवरून इतकं खाली येतं की तुम्ही मान आत घेता. बाकी कुणी वरही बघत नाही. विमानतळाच्या शेजारी राहणाऱ्यांना विमानाचं कौतुक किती असणार!

आता शिंक येईल. आली? मग तुम्ही कलिन्याच्या गावठाणात शिरलात. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांच्या घरी मे महिना म्हणजे बॉटल मसाल्याचा महिना. अंगणात चटयांवर मिरच्या वाळताहेत, उखळात मुसळं आळीपाळीनं पडताहेत, कांडणाऱ्या बायकांनी नाकातोंडाला पदर बांधलेत. कांडलेला मसाला काठीनं ठासून भरायचा तो बिअरच्या तपकिरी बाटल्यांत. त्या रंगामुळे आत उजेड कमी जातो आणि मसाला वर्षभर टिकतो. अख्ख्या कोरड्या मुंबईत बिअरच्या बाटल्या इतक्या उजळ माथ्यानं अंगणात उभ्या असलेल्या तुम्हाला इथंच दिसतील.

डोळे पुसा आणि डावीकडच्या गल्लीत वळा. पाटी शोधू नका. मंगलोरी कौलांचं बैठं घर, पुढे ओटा, ओट्यावर एक बाई सुकट निवडतेय. ती तुमच्या चेहऱ्याकडे बघतच नाही, पायांकडे बघते. पोलिसाचे बूट चेहऱ्याआधी ओळखू येतात.

"कोनी धाडला तुला?"

"वाकोल्याच्या मिस्त्रीनं," असं म्हणा.

"वहाणा भायेर काढ. आत बस. बडबड नको."

हीच आंटी. तिला सगळे आंटीच म्हणतात. तिच्याहून वयानं मोठे असलेलेही.

आत जाताना चौकट सांभाळा, ती ठेंगणी आहे. पंचवीस वॉटचा दिवा, भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, खाली तेवणारी वात. दोन बाकडी, एक टेबल, कोपऱ्यात शिवणयंत्र. पडद्यामागे कुणीतरी पाढे म्हणतंय. होय, तुम्ही कुणाच्या तरी घरात बसला आहात, आणि गंमत हीच आहे. इंग्लंडच्या खेड्यांतले जुने पब बघायला लोक आज हजारो मैल जातात, ठेंगण्या छताखाली बसून खूश होतात. त्यातले कितीतरी मुळात असेच कुणाच्या घरचे पुढचे दालन होते. १८३०च्या बिअरहाऊस कायद्यानं तिथं कर भरणाऱ्या कुणालाही दोन गिनी मोजून आपल्या घरात बिअर विकायची मुभा दिली. इथं उलटं घडलं. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यानं दुकानं बंद केली, आणि घरांची पुढची खोली गुपचूप उघडली. एकीकडे परवाना, दुसरीकडे मनाई. पण दोन्हीकडे गिऱ्हाईक येऊन बसलं ते कुणाच्या तरी संसारात. म्हणून इथं वागायचंही तसंच.

घाई करू नका, आत्ता काही मिळणार नाही. ऐका, चर्चची घंटा. १६०६ पासूनचं हे अवर लेडी ऑफ इजिप्तचं देऊळ, आणि ही तिन्हीसांजेची प्रार्थना. आंटी हातातलं ठेवून उभी राहते. पडद्यामागचे पाढे थांबतात. बाकावरचा हिंदू कारकून, मुसलमान मेकॅनिक, सगळे उठतात. तुम्हीही उठा. प्रार्थना संपली की आंटी क्रूस करते, पदराला हात पुसते आणि विचारते, "किती?"

तेवढ्यात मागच्या दारानं एक गरगरीत पोटाचा माणूस आत येतो, कुणाशी न बोलता न्हाणीत शिरतो, आणि पाच मिनिटांनी सडपातळ होऊन बाहेर पडतो. बघत बसू नका. पोट त्याचं नव्हतं, सायकलच्या ट्यूबचं होतं. मिठी नदीकाठच्या तिवरांत चिखलाखाली पिंपं पुरलेली असतात. काळा गूळ, नवसागर, सडकी फळं, पाणी. आंबलं की रात्री हातभट्टीवर चढतं, नळीतून थेंब थेंब उतरतं, आणि असं कुणाच्या तरी कंबरेला गुंडाळून गावात येतं. तो आंबूस, गोडसर, थोडा रॉकेलमिश्रित वास आता तुमच्याही शर्टात शिरलाय.

आंटी चमच्यात थोडी ओतते, काडी ओढते. निळी ज्योत! "पहिल्या धारेची," कारकून कौतुकानं सांगतो. ज्योतीवर फार भरवसा ठेवू नका. विषारी मिथेनॉलही असंच निळं पेटतं. मुंबईला हे पुढे फार महागात पडेल. २०१५ साली मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं जातील. या खोलीतली हमी एवढीच की आंटी पहिला घोट स्वतः घेते, तुमच्यासमोर, तोंड वाकडं न करता. ही दारू ज्याच्याकडून घेते त्याला ती ओळखते, आणि उद्या सकाळी ती तुम्हाला रस्त्यात भेटणार असते.

घ्या, नवटाक. एका दमात नको. जिभेला आधी काहीच कळत नाही. मग जळक्या गुळाचा वास मागून नाकात चढतो, कान तापतात, आणि आग छातीत नेमकी कुठवर पोहोचली ते बोट ठेवून दाखवता येतं. खोकला आला तर येऊ द्या, सगळ्यांना आलेला आहे. आता खा. बशीत उकडलेली अंडी, मीठ-मिरी लावलेली. निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील, बोटं काळी करणारा. नशीब असेल तर बॉटल मसाल्यातली कलेजी आणि सकाळचे उरलेले फुगे. मैद्याचे हे तळलेले गोळे रश्शात बुडवले की अर्धा रस्सा स्वतःच पितात. खाल्लं नाही म्हणून पोराला हाक मारणाऱ्या आंटीचा आवाज आणि तुमच्या पुढ्यात आपटलेली बशी, दोन्ही एकाच सुरात. पैसे देऊन आला असलात तरी पाहुणचार हा असाच मिळणार.

खोली आता भरलीय. विमानतळावरचे हमाल पाळी संपवून आलेत, त्यांच्या कपड्यांना इंधनाचा वास. एक शाळामास्तर भिंतीकडे तोंड करून बसतात, कारण दारासमोरून त्यांचे विद्यार्थी जातात. पावसाची, भाड्याची, मुलीच्या स्थळाची बोलणी चालू आहेत. कुणी आवाज चढवला तर आंटी फक्त ग्लास उचलून घेते. शिवी दिली तर दुसरा मिळत नाही. पाय लटपटले तर पहिलाही संपवू देत नाही.

आठ वाजायला आले की मात्र सगळे आपणहून गप्प होतात. आंटी रेडिओचं बटण फिरवते. दिवे तापेपर्यंत खरखर, मग शिट्टी, मग रेडिओ सिलोन आणि अमीन सायानी. बिनाका गीतमाला! आकाशवाणीनं या दिवसांत हिंदी सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार केलीत, म्हणून मुंबईची गाणी मुंबईला कोलंबोहून ऐकावी लागतात. एकाच खोलीत दोन निषिद्ध गोष्टींचा आस्वाद तुम्ही घेताय, आणि दुसरीची धुंदी जास्त आहे. वरच्या पायदानावरचं गाणं कुठलं, यावर हमालानं कारकुनाशी एका नवटाकाची पैज लावलीय. मास्तरसुद्धा तोंड वळवून बसलेत.

गाणं रंगात आलंय आणि बाहेरून पोराची आरोळी येते, "पाऊस आला! पाऊस आला!"

मे महिन्यात, चांदणं पडलेलं असताना. उठू नका! ग्लास पुढे करा, बस्स. आंटीची मुलगी ते बादलीत रिकामे करून मागे जाते, टेबलावर कॅरम येतो, कुणीतरी पावडर उधळतं. खिडकीतून मसाल्याचा वारा आत सोडला जातो. दारात हवालदार. तो नाकानं खोलभर श्वास घेतो आणि सणसणीत शिंकतो. पुन्हा शिंकतो. आंटी त्याला पाणी देते. तो ते पाणी फार सावकाश पितो, इतकं सावकाश की ते पाणीच होतं का, अशी शंका तुम्हाला येईल. विचारू नका. "आवाज कमी ठेवा रेडिओचा," एवढं बोलून तो जातो.

आता निघायला हवं. तोंडात लवंग आणि कच्चा कांदा दोन्ही ठेवा. पकडलं तर डॉक्टरकडे नेऊन तोंडाचा वास घेतात. स्टेशनकडे सरळ रस्त्यानं नको, बांधावरून जा. हिशेब? तुमचे आणे एका नवटाकात आणि कलेजीत संपले, आणि तुम्ही तीन घेतलीत. आंटी चिडत नाही. शिवणयंत्राच्या खणातून वही काढते. त्यात नावं नाहीत, खुणा आहेत: चष्मा, लंगडा, मास्तर. खाली ती लिहिते, "नवीन, खोकणारा," आणि पुढे आकडा.

तेव्हा पुढच्या बुधवारी यावंच लागेल. फार लांबवू नका. १९६०च्या दशकात बंदी सैल होईल, १९७३ साली देशी मद्याचे नियम येतील, चौकाचौकांत परवान्याची दुकानं उघडतील. तिथं आवाज चढवला तर ग्लास कुणी उचलून घेणार नाही, आणि उपाशी आहात का असं विचारणारही नाही. त्याआधी येऊन पैसे चुकते करा. पोलीस चुकवून आंटीकडे शिरलेले पुष्कळ आहेत. तिची उधारी बुडवून दुसऱ्यांदा शिरलेला अजून जन्माला यायचाय.