दोरी आणि वारा

दिवाळीच्या चार दिवस आधी आमच्या आळीत कामट्यांचा सडा पडतो. बांबूच्या कामट्या, पतंगाचा ताव, गव्हाच्या पिठाची खळ आणि रिळाचा दोरा एवढ्या भांडवलावर आकाशकंदील उभा राहतो. मनुष्य आकाशात गेला तोही जवळजवळ अशाच भांडवलावर, असे वर्गात सांगितले की मुले मास्तरांकडे संशयाने पाहतात. विमान म्हटले की त्यांच्यापुढे कानठळ्या बसवणारे यंत्र येते. पण इतिहासाचा क्रम उलटा आहे. आधी खेळणे उडाले आणि माणूस मागाहून उडाला. या इतिहासातल्या कितीतरी गोष्टी ऐन हिवाळ्यात, बोटे काकडून आखडलेली असताना घडल्या, ही त्यातली आणखी एक मौज.

कॅनडात आणि उत्तर अमेरिकेत आजही लहान विमाने उडवणारी मंडळी जानेवारीच्या पहिल्या तारखेला भल्या थंडीत मुद्दाम मैदानावर जमतात. कुठे कुठे तळे गोठून त्याचे मैदान झालेले असते. विमानाची चाके काढून त्याजागी बर्फावर घसरणाऱ्या लहान पट्ट्या बसवतात. हातात बिनतारी यंत्राची पेटी, तिच्यावर हातमोज्यासारखी पिशवी, आणि तोंडातून वाफ! पोरांनी हे केले असते तर समजण्यासारखे होते. पण यात साठी उलटलेले गृहस्थही असतात. त्यांना हसण्यापूर्वी त्यांची वंशावळ पाहावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

या वंशाचा मूळ पुरुष आल्फोन्स पेनो. जन्म १८५०, पॅरिस. बाप फ्रेंच आरमारात मोठा अधिकारी; पण कंबरेच्या सांध्याच्या दुखण्यामुळे पेनोला आरमाराचा दरवाजा बंद झाला. कुबड्या घेऊन चालणाऱ्या या तरुणाने उडण्याचा ध्यास घेतला. रबराच्या दोरीला पीळ देऊन सोडला की ती उलगडताना पंखा फिरवते, ही युक्ती त्याने विमानाला लावली. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्युइलरी बागेत त्याने आपले वीतदोन वीत लांबीचे विमान जाणकारांपुढे सोडले. ते अकरा सेकंदांत सुमारे १३० फूट गेले.

अकरा सेकंद म्हणजे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. पण त्या अकरा सेकंदांत त्याला कोणीही धरलेले नव्हते. पतंगाला दोरी असते. वाऱ्याने तो डुलला तर उडवणारा ढील देतो, खेचतो, सावरतो. पेनोच्या विमानाने स्वतःला सावरले. त्याने शेपटीचा लहान पंख मुख्य पंखापेक्षा किंचित खाली झुकता बसवला होता. नाक खाली जाऊ लागले की शेपटी दबून ते पुन्हा वर येई. वर्गात मुलांना घडीच्या कागदी विमानाच्या मागच्या कडा जरा वर वळवायला सांगतो, त्यामागे हेच तत्त्व आहे. दोरी सोडूनही तोल राहतो, ही गोष्ट हाताने करून दाखवणारा हा गृहस्थ अवघा एकवीस वर्षांचा होता.

पुढे १८७६ साली त्याने माणसे घेऊन उडणाऱ्या मोठ्या विमानाचे पेटंट एका मित्राबरोबर घेतले. चाके पोटात ओढून घेण्याची सोय आणि एकाच दांड्याने सर्व सुकाणू हलवण्याची योजना त्यात होती. पैसा कोणी दिला नाही. टवाळी मात्र पुष्कळ झाली. १८८० च्या ऑक्टोबरात त्याने आपले सगळे नकाशे एका लहानशा शवपेटीत भरून आंरी जिफार या वाफेच्या विमान-फुग्याच्या कर्त्याच्या घरी पोचवले, आणि स्वतःच्या हाताने आयुष्य संपवले. वय तीस. सणाच्या अंकात असली हकीगत लिहू नये हे मला कळते. पण खेळणे समजून ज्याची हेटाळणी होते, त्यात कोणाचा सगळा जीव गुंतलेला असू शकतो, हे सांगितल्यावाचून पुढची गोष्ट अर्धवट राहील.

पेनोचे खेळणे मात्र बाजारात गेले आणि समुद्र ओलांडून अमेरिकेत पोचले. १८७८ साली मिल्टन राइट नावाच्या धर्मोपदेशकाने प्रवासाहून येताना आपल्या दोन मुलांसाठी एक भिरभिरे आणले. बूच, बांबू, कागद आणि पिळलेले रबर. खोलीत शिरताच त्याने ते हवेत सोडले. ते छताला जाऊन आदळले. विल्बर तेव्हा अकरा वर्षांचा आणि ऑर्विल सात वर्षांचा. खेळणे मोडले, तेव्हा मुलांनी स्वतः बनवले. मग मोठे बनवले. आणखी मोठे बनवले. जितके मोठे, तितके उडेनासे झाले! लांबी-रुंदी दुप्पट केली तर उडण्याला आठपट शक्ती लागते, हे त्यांना पुढे कळले. तेव्हा हिरमुसून ती मुले पतंगांकडे वळली.

आणि खरी विद्या त्यांना पतंगानेच दिली. १८९९ साली डेटन गावी विल्बरने पाच फूट रुंदीचा दुमजली पतंग केला. त्याला चार दोऱ्या. दोन्ही हातांत एकेक काठी धरून त्या दोऱ्या ओढल्या की पतंगाच्या पंखांना पीळ बसे आणि तो हवा तसा कलता होई. गावातली काही पोरे हे पाहायला जमली होती. पुढच्या वर्षी किटी हॉकच्या वाळूत त्यांनी माणसाएवढे विमानही आधी पतंगासारखे दोरीवरच उडवले. दोरी हातात ठेवून जेवढे शिकता येईल तेवढे शिकावे आणि मगच ती सोडावी, असा त्यांचा शहाणा क्रम होता.

१७ डिसेंबर १९०३ ची सकाळ सर्वांना पाठ आहे. तिच्यातली थंडी मात्र पुस्तकांतून गळून पडते. रात्रीत डबकी गोठली होती. उत्तरेचा वारा ताशी वीस मैलांच्या वर. दोघे भाऊ वारा पडेल म्हणून आत बसून राहिले. तो पडेना, तेव्हा खूण म्हणून निशाण लावून जवळच्या जीवरक्षक ठाण्यावरच्या माणसांना बोलावले. काम करताना बोटे बधिर होत, म्हणून मधूनमधून झोपडीत जाऊन शेगडीवर हात शेकावे लागत. पहिले उड्डाण बारा सेकंदांचे, १२० फूट. म्हणजे पेनोच्या खेळण्यापेक्षा दहा फूट कमीच! चौथे एकोणसाठ सेकंदांचे, ८५२ फूट. त्यानंतर वाऱ्याच्या एका झोताने विमान उलथून मोडले आणि त्या साली पुन्हा उडाले नाही. ज्या वाऱ्याने उचलले, त्यानेच मोडले.

दोरीची दुसरी बाजूही सांगायला हवी. टेलिफोनचा शोध लावणारा अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल उतारवयात पतंगवेडा झाला होता. कॅनडातल्या बॅडेक गावी, तळ्याकाठी त्याचे घर. लाल रेशमाचे तिकोनी खण जोडून त्याने ३,३९३ खणांचा प्रचंड पतंग केला आणि ६ डिसेंबर १९०७ रोजी तो आगबोटीमागे बांधून वर चढवला. वर थॉमस सेल्फ्रिज हा तरुण लष्करी अधिकारी पालथा पडून होता. पतंग १६८ फूट चढला, सात मिनिटे राहिला, मग इतक्या अलगद पाण्यावर उतरला की आगबोटीवरच्या माणसांना कळलेच नाही. दोर वेळेवर कापला गेला नाही. बोट पुढे जात राहिली आणि पतंगाच्या पाण्यात चिंधड्या झाल्या. डिसेंबरच्या त्या पाण्यातून सेल्फ्रिज सुखरूप निघाला. जो दोर वर नेतो तो योग्य क्षणी सुटला नाही तर बुडवतो.

उरलेले लाल रेशीम वाया गेले नाही. बेलच्या मंडळींनी त्याचेच पंख करून न्यूयॉर्क राज्यातल्या क्यूका तळ्याच्या बर्फावर घसरपट्ट्यांचे विमान आणले. १२ मार्च १९०८ रोजी केसी बाल्डविनने ते ३१८ फूट ११ इंच उडवले. इतरांच्या पायांत बर्फावर चालण्याच्या पट्ट्या होत्या, बाल्डविन मात्र साध्या बुटांनी सारखा घसरत होता, म्हणून त्याला विमानात बसवले, असे सांगतात! पुढच्या वर्षी, २३ फेब्रुवारी १९०९ ला, बॅडेकच्या गोठलेल्या तळ्यावरून मॅकर्डीने ‘सिल्व्हर डार्ट’ अर्धा मैल नेले. कॅनडातले हे पहिले विमानोड्डाण. गावची माणसे बर्फावर घसरत मागे धावत होती. आज गोठलेल्या तळ्यावर लहान विमाने उडवणारे वेडे आहेत खरे, पण त्यांचे मैदान खानदानी आहे.

आता न दिसणाऱ्या दोरीकडे वळू. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात बिनतारी लहरींनी एक लहान नाव चालवून दाखवली होती. पण नाव पाण्यात तरंगते. आज्ञा चुकली तर फार तर भिंतीला धडकेल. हवेत तशी सवलत नाही. मिशिगन राज्यातल्या कालामाझू गावचे वॉल्टर आणि विल्यम गुड हे जुळे भाऊ. वॉल्टरला विमानांचा नाद, विल्यमला बिनतारीचा. त्यांनी आठ फूट पंखांचे ‘गफ’ नावाचे विमान केले आणि १९३७ साली ते जमिनीवरून वळवून दाखवले. १९३९ आणि १९४० च्या राष्ट्रीय स्पर्धा त्याने जिंकल्या. पुढे १९६० साली ते स्मिथसोनियन संग्रहालयात गेले.

त्या काळच्या अशा विमानांची रचना मला फार आवडते, कारण तीत पेनोचे रबर पुन्हा भेटते. आकाशवाणीच्या संचासारखे मोठे यंत्र हवेत नेणे शक्य नव्हते. म्हणून विमानाच्या पोटात पिळलेल्या रबराचा पट्टा ठेवत. खालून कळ दाबली की लहर वर जाई, एक छोटे विद्युतचुंबक खटकन् एक दात सोडी आणि रबर सुकाणूला एक पायरी फिरवी. एकदा दाबले की उजवीकडे, सोडले की सरळ, पुन्हा दाबले की डावीकडे. पुढची पाळी कोणत्या दिशेची, हे उडवणाऱ्याने मनात मोजत राहायचे. मोजणी चुकली की विमान झाडात! यंत्रापेक्षा माणसाच्या स्मरणावरच ती दोरी बांधलेली होती म्हणा ना.

थंडीत या दोरीची परीक्षा होते. थंड हवा दाट असते. शून्य अंशाच्या हवेचा घनमीटर सुमारे १ किलो २९० ग्रॅम भरतो, तर तीस अंशाच्या हवेचा १ किलो १६० ग्रॅमच्या आसपास. म्हणून पंखाला हिवाळ्यात आधार अधिक मिळतो. हा वाऱ्याकडचा नफा. तोटा सगळा दोरीकडचा. रबर आळसावते, प्लॅस्टिक तडकते, बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावून तिचा जोर अर्ध्या वाटेत ओसरतो. म्हणून अनुभवी लोक बॅटऱ्या कोटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवतात आणि एरवीपेक्षा लवकर खाली उतरतात. पांढरे विमान बर्फात आणि ढगाळ आभाळात हरवते, म्हणून पंख नारिंगी किंवा काळे रंगवतात. आणि बोटे! पेटीवरच्या दांड्या गुंजभर हलवायच्या असतात. बधिर बोटाला गुंज आणि मासा सारखेच.

आमच्या शाळेत बर्फ नाही, पण मार्गशीर्षातल्या सकाळी नदीकाठच्या मैदानावर थंडी बरी असते. सातवीच्या मुलांकडून दरवर्षी मी रबराची विमाने करून घेतो. वारा उठण्यापूर्वी, सात वाजता. मुले रबर मुठीत धरून, काखेत दाबून गरम करतात. ही युक्ती त्यांची त्यांनीच काढली. एका वर्षी एका पालकांनी विचारले, “गुरुजी, याला मार्क किती?” मी म्हटले, “अकरा सेकंद.” ते काही न बोलता कुंपणाशी उभे राहिले. त्यांच्या मुलीचे विमान नऊ सेकंद उडाले. दुसऱ्या दिवशी तेच गृहस्थ चुलीच्या जळणातून निवडून काढलेल्या कामट्यांची जुडी घेऊन आले.

खेळण्याचा उपयोग विचारणाऱ्यांना जगाने दिलेले उत्तर मात्र मला तितकेसे रुचत नाही. हॉलिवूडचा नट रेजिनाल्ड डेनी याने अशा विमानांचे दुकान काढले होते. त्यातून त्याचा कारखाना झाला आणि दुसऱ्या महायुद्धात तोफखान्याच्या नेमबाजीसाठी त्याने हजारो बिनतारी विमाने पुरवली. त्याच कारखान्यात नॉर्मा जीन नावाची मुलगी कामाला होती. लष्करी छायाचित्रकाराने तिचे फोटो काढले आणि पुढे जगाने तिला मेरिलिन मन्रो म्हणून ओळखले. आजच्या लढायांतल्या चालकरहित विमानांचेही हेच गोत्र. उपयोग तर सिद्ध झाला! पण पेनोने हे उत्तर मागितले नसते, असे मला वाटते.

त्यापेक्षा मेनार्ड हिलची गोष्ट सांगतो. अमेरिकेचा हा म्हातारा दृष्टीने जवळजवळ अंध, कानांनी अधू. हलक्या बाल्सा लाकडाचे, इंधनासकट पाच किलोंच्या आतले विमान अटलांटिकपार धाडायचे त्याने मनात घेतले. पहिली चार विमाने गेली ती गेलीच. ९ ऑगस्ट २००३ रोजी, सत्त्याहत्तराव्या वर्षी, न्यूफाउंडलंडच्या केप स्पिअरवरून त्याने पाचवे हातानेच हवेत फेकले. थोड्या वेळात ते बिनतारीच्या टप्प्याबाहेर गेले. मधल्या समुद्रावर ते एकटेच, पोटातल्या लहानशा यंत्राच्या हवाली. १,८८२ मैल आणि जवळजवळ एकोणचाळीस तासांनी ते आयर्लंडच्या मॅनिन किनाऱ्यावर दिसले, तेव्हा तिथे थांबलेल्या सहकाऱ्याने पेटी उचलून त्याला पुन्हा हाती घेतले आणि ठरल्या जागेजवळ उतरवले. हिल तेव्हा समुद्राच्या अलीकडच्याच काठावर होता. फोनवर वार्ता आली, तेव्हा बायकोला मिठी मारून तो लहान मुलासारखा रडला.