वीस टक्क्यांची कपात आणि सर्वोच्च न्यायालय

तुमच्यापैकी कुणी इथे इंग्लंडमध्ये प्लंबिंगचा, वायरिंगचा किंवा लॉफ्ट कन्व्हर्जनचा धंदा सुरू केला असेल, तर पहिल्या बिलालाच एक धक्का बसला असेल. मजुरीचे १०,००० पौंड लावले आणि हातात आले ८,०००. उरलेले २,००० मुख्य ठेकेदाराने कापून एचएमआरसीकडे, म्हणजे इथल्या कर खात्याकडे, भरले. ही कपात का होते, ती टाळण्याची सवलत कुणाला मिळते, आणि मिळालेली सवलत गेली तर कोर्ट काय म्हणतं, याचा इतिहास आज पाहू. मी स्वतः आयटीतला माणूस, पण हा विषय बांधकामापुरता नाही. सरकारी सवलतीवर चालणाऱ्या प्रत्येक छोट्या धंद्याला तो लागू पडतो.

गोष्ट सुरू होते १९६० च्या दशकात. तेव्हा इथल्या बांधकामांवर 'लंप' नावाची पद्धत होती. कामगार नोकरीवर नसायचा. ठरलेली ठोक रक्कम रोख घ्यायची, काम संपवायचं आणि दुसऱ्या साइटवर निघून जायचं. कर भरायची वेळ येई तेव्हा माणूस सापडत नसे. म्हणून १९७१ च्या वित्त कायद्याने वेगळी योजना आणली आणि एप्रिल १९७२ पासून ती लागू झाली. ठेकेदाराने उपठेकेदाराच्या पैशातून ३० टक्के कापून सरकारजमा करायचे. ज्याच्याकडे कर खात्याचं प्रमाणपत्र असेल त्याला मात्र पूर्ण रक्कम द्यायची.

गंमत बघा, त्याच एप्रिल १९७२ मध्ये भारतातही आयकर कायद्यात कलम १९४सी आलं. ठेकेदारांच्या बिलातून कापला जाणारा आपल्या ओळखीचा टीडीएस तो हाच. दुखणं एकच, औषधाची मात्रा वेगळी. तिकडे साधारण एक-दोन टक्के कापले जातात आणि इकडे कपात थेट वीस-तीस टक्क्यांची.

इथल्या प्रमाणपत्राला पुढे '७१४' हे नाव पडलं. त्यावर धारकाचा फोटो असे, तरी बनावट आणि चोरलेल्या कागदांचा बाजार थांबेना. १९९९ मध्ये योजना नव्याने बांधली. २००४ च्या वित्त कायद्यानुसार, ६ एप्रिल २००७ पासून आजची सीआयएस, म्हणजे बांधकाम उद्योग योजना, सुरू झाली. आता नोंदणी असेल तर २० टक्के कपात, नसेल तर ३०, आणि 'ग्रॉस पेमेंट' दर्जा असेल तर शून्य. कपात मजुरीवर होते, मालाच्या किमतीवर नाही.

हा शून्याचा दर्जा मिळवायला तीन परीक्षा आहेत. धंदा खरा हवा आणि बँकेतून चालणारा हवा, उलाढाल ठरलेल्या मर्यादेच्या वर हवी, आणि मागच्या बारा महिन्यांत कराचे कागद व पैसे वेळेवर गेलेले हवेत. भांडणं होतात ती बहुधा या तिसऱ्या परीक्षेवर.

२००२ मध्ये व्हिकी कन्स्ट्रक्शन नावाच्या कंपनीचा खटला लंडनच्या हायकोर्टात गेला. कर भरायला झालेला उशीर किरकोळ आहे असं खालच्या पातळीवर मानलं गेलं होतं. न्यायमूर्ती फेरिस यांनी ते मानलं नाही. ही योजना का जन्मली, उपठेकेदार कसे नाहीसे होत, हा इतिहास त्यांनी निकालात मांडला.

पण सगळ्यात बोलका खटला आहे जे. पी. व्हिटर या कंपनीचा. पाण्याच्या विहिरी खोदणारी, घरच्या माणसांनी चालवलेली, पंचवीसेक कामगारांची कंपनी. बनावट कागद नाहीत, फरार मालक नाही. पण पीएवायई, म्हणजे कामगारांच्या पगारातून कापलेला कर, वारंवार उशिरा भरला गेला. आधीही अशा चुका झाल्या होत्या आणि खात्याने समजून घेतलं होतं. २०११ मध्ये मात्र दर्जा रद्द केला.

कंपनीने ट्रायब्युनलला परिणाम सांगितला: सुमारे ६० टक्के उलाढाल जाईल, ८० टक्के कामगार काढावे लागतील, सावरायला दहा वर्षं लागतील. २०१२ मध्ये ट्रायब्युनलने कंपनीच्या बाजूने कौल दिला. एचएमआरसीने या परिणामांचा विचारच केला नाही, ही चूक आहे, असं ते म्हणालं. पण वरच्या ट्रायब्युनलने तो निकाल फिरवला आणि अपील कोर्टानेही खात्याचीच बाजू घेतली. शेवटी १३ जून २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कंपनीचं अपील फेटाळलं.

कायद्यात शब्द असा आहे की खातं दर्जा रद्द 'करू शकतं'. म्हणजे रद्द न करण्याचीही मुभा आहे. मग ती वापरताना कामगारांच्या पोटाचा विचार नको का? लॉर्ड कार्नवाथ यांनी लिहिलेल्या निकालाचा मथितार्थ असा: ती मुभा या योजनेच्या हेतूपुरतीच आहे. कर वेळेवर भरला जावा हा तो हेतू. दर्जा गेल्यावर धंद्याचं काय होईल, हा प्रश्न त्या चौकटीत बसत नाही. मालमत्तेच्या मानवी हक्काचा मुद्दाही टिकला नाही.

हे मला कठोर वाटतं. नफा थोडा असलेल्या धंद्यात १०,००० च्या बिलातले ८,५०० पगारात जात असतील, तर ८,००० हातात घेऊन मालक पगार कुठून करणार? कापलेले पैसे पुढे हिशोबात वळते होतात, पण शुक्रवारचा पगार 'पुढे' थांबत नाही. दुसरी बाजूही खरी आहे. जो शेजारी वेळेवर भरतो, त्याने उशीर करणाऱ्याच्या स्पर्धेत का हरावं? शिवाय परिणाम जितका मोठा तितकी माफी जास्त, असं धरलं तर मोठ्या कंपन्या कायमच सुटतील.

आता कामाचं. मासिक सीआयएस रिटर्न १९ तारखेपर्यंत आणि ऑनलाइन भरणा २२ पर्यंत गेला पाहिजे. दर्जाची वार्षिक तपासणी संगणक करतो, आणि संगणकाला तुमची अडचण कळत नाही. ६ एप्रिल २०२४ पासून व्हॅटचाही त्या परीक्षेत समावेश झाला आहे. थोड्याशा उशिराला नियमांत मोजकी सूट आहे, पण तिच्यावर विसंबू नका.

आणि रद्द केल्याचं पत्र आलंच, तर तीस दिवसांत अपील करा. अपिलाचा निकाल लागेपर्यंत रद्द करणं लागू होत नाही. अपिलात 'धंदा बुडेल' हे सांगून भागणार नाही. उशीर का झाला याचं सबळ कारण हवं, आणि त्याचे कागदही हवेत: आजारपणाची नोंद, बँकेचा घोटाळा, जे असेल ते. म्हणून ते कागद आजपासूनच जपून ठेवा.