एसारपी : हुकूम कुणाचा, जाब कुणाला?

चौदा एप्रिलला पिंपरीच्या आंबेडकर चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालायला गर्दी लोटते, तेव्हा रस्त्याच्या पलीकडं जाळीच्या खिडक्यांची गाडी उभी असते. वस्तीत कुणीतरी म्हणतं, "एसारपी आलीय." लहानपणी हे ऐकलं की आम्ही चपला हातात घेऊन पळायचो. आता मी पळत नाही. गाडीवरचा गट क्रमांक वाचतो. दोस्तांनो, त्या क्रमांकामागं इतिहास आहे, आणि तो आपल्याला कुठल्याच शाळेत शिकवलेला नाही.

राज्य राखीव पोलीस दल. १९४८ साली, स्वातंत्र्याला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा उभं राहिलं. १९५१ ला मुंबई राज्यानं त्याचा वेगळा कायदा केला. गट १ आणि २ रामटेकडीला, गट ५ दौंडला. म्हणजे आपल्या कारखान्यांच्या उशालाच. ठाण्याचा हवालदार निदान वस्तीतला चहा पितो, कुणाचं भांडण कशावरून हे त्याला ठाऊक असतं. एसारपीवाला छावणीत राहतो. बोलावणं आलं की कंपनीच्या कंपनी गाडीत बसते आणि अनोळखी गल्लीत उतरते. ही अनोळख चुकून राहिलेली नाही. ओळखीच्या माणसावर काठी उचलताना हात जड होतो, हे सरकारला आपल्यापेक्षा आधी कळलं.

आपल्या पट्ट्यानं हे दल नीट पाहिलं ते १९८९ ला. राजन नायर यांच्या मागं गेलेले टेल्कोचे हजारो कामगार सप्टेंबरात शनिवारवाड्यापुढं उपोषणाला बसले. दंगल नव्हती. माणसं उपाशी बसलेली, बरीचशी झोपलेली. २९ सप्टेंबरच्या पहाटे पोलीस आणि एसारपीनं वेढा घातला आणि कामगारांना गाड्यांत भरून नेलं. मुख्यमंत्री होते शरद पवार. दंगलीसाठी पोसलेलं दल दंगल नसतानाही कामाला येतं, हा त्या पहाटेचा धडा. त्या कामगारांत सगळ्या जातींचे लोक होते. पण "पोलीस असे कसे वागतात?" हा प्रश्न ज्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पडला ते आपल्या वस्तीतले नव्हते, एवढं सांगून पुढं जातो.

मग ११ जुलै १९९७. घाटकोपर, माता रमाबाई आंबेडकर नगर. सकाळी पुतळ्याच्या गळ्यात चपलांची माळ दिसली, माणसं हमरस्त्यावर आली. एसारपीची तुकडी उतरली. तुकडीवर फौजदार मनोहर कदम. गोळ्या सुटल्या, दहा माणसं गेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी स्वतःला संपवलं. सरकारी बाजूनं सांगितलं की रस्त्यावर गॅसचे टँकर होते, जमाव ते पेटवणार होता, म्हणून गोळी चालवावी लागली. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगानं ही गोष्ट मानली नाही. गोळीबार अनावश्यक ठरवला. तरी खटल्याचा निकाल लागायला २००९ उजाडलं. सदोष मनुष्यवध, जन्मठेप. आणि पाठोपाठ उच्च न्यायालयातून जामीन. बारा वर्षं थांबून हाती काय आलं, ते रमाबाई नगरातल्या आयांना विचारा.

फौजदार म्हणजे काही फार मोठा साहेब नव्हे. मग एवढा हुकूम त्याच्या हाती आला कसा? कायदा वाचा. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२९ : दंडाधिकारी, ठाण्याचा अंमलदार किंवा तो नसेल तर फौजदाराच्या दर्जाचा कुणीही, जमावाला पांगायला सांगू शकतो आणि न पांगल्यास बळ वापरू शकतो. कलम १३२ : या कामाबद्दल सरकारच्या मंजुरीशिवाय पोलिसावर खटला नाही. जुलै २०२४ पासून संहितेचं नाव बदललं, कलमं १४८ आणि १५१ झाली. आतला मजकूर बहुतेक तोच.

बाबासाहेबांनी यावर फार आधी बोट ठेवलं होतं. ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांनी मुंबईत संप केला, पोलिसांनी गोळी चालवली. सरकारनं चौकशी समिती नेमली. १९३९ ला विधिमंडळात तिचा अहवाल आला तेव्हा गृहमंत्री कन्हैयालाल मुनशींसमोर बाबासाहेब उभे राहिले. त्यांचं म्हणणं सरळ होतं : गोळी घालणारा अधिकारी आणि साधा नागरिक यांना फौजदारी कायदा एकच आहे, समिती कशाला, त्याला साध्या कोर्टापुढं उभा करा. तेव्हा इंग्रजाचं राज्य होतं, मंत्रिमंडळ काँग्रेसचं होतं. आज दोन्ही नाहीत. मंजुरीची अट मात्र आहे.

आणि हे आपल्यापुरतंच नाही. ९ ऑगस्ट २०११, क्रांतिदिन. पवना धरणाचं पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला न्यायला विरोध करत मावळचे शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले. तिथल्या बंदुका ग्रामीण पोलिसांच्या. तिघं मेले, त्यात एक बाई. आपल्या नळाला येणाऱ्या पाण्याचा हा हिशेब आपणही विसरलो, हे कबूल करायला हवं.

३० जुलै २०१८ ला मराठा आरक्षणाच्या आंदोलनात चाकणला बसगाड्या जळाल्या, जमावबंदी लागली. पंधरा दिवसांनी, १५ ऑगस्टला, पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय सुरू झालं आणि चाकण त्यात आलं. ते आधीच ठरलेलं होतं. पण फरक ओळखा. ग्रामीण भागात जमावबंदीचा कागद महसुलाच्या साहेबाकडून निघायचा. आयुक्तालयात तो अधिकार पोलिसांच्याच हाती. बंदी घालणारा तोच, मोडली म्हणून काठी घेऊन येणाराही तोच.

गेल्या साली आमच्या गल्लीतला एक पोरगा रामटेकडीला भरतीत निघाला. आपलाच. आईनं पेढे वाटले, मीही खाल्ला. नोकरी आहे, नको कशी म्हणू? रात्री तो हळूच आला. "दादा, समोर आपलीच माणसं असली आणि हुकूम आला तर?" मी त्याला रमाबाई नगरचा आयोग सांगितला, १९३९ सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "हे सगळं एका कागदावर लिहून द्या." मी लिहून दिलं. घडी करून त्यानं तो कागद भरतीच्या पत्रातच ठेवला.