विनोद डावा असतो की उजवा? ‘मार्मिक’ ते कुणाल कामरा, महाराष्ट्राचा इतिहास काय सांगतो

२३ मार्च २०२५. कॉमेडियन कुणाल कामराचा व्हिडिओ यूट्यूबवर आला. त्यात त्याने एका जुन्या हिंदी गाण्याच्या चालीवर उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदेंचं विडंबन केलं होतं. नाव घेतलं नव्हतं, पण ‘गद्दार’ शब्द होता. त्याच रात्री शिंदेंच्या शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी, जिथे हा शो झाला होता तो मुंबईतल्या खारचा स्टुडिओ फोडला. दुसऱ्या दिवशी अनधिकृत बांधकामाचं कारण देत महापालिकेचं पथक हातोडे घेऊन तिथे पोहोचलं. कामरावर गुन्हा दाखल झाला.

यानंतर सोशल मीडियावर दोन वाक्यं सतत दिसली. एक, ‘सगळे कॉमेडियन डावेच असतात’. दुसरं, ‘उजव्यांना विनोद कळतच नाही’.

यातलं खरं किती?

डाव्या विनोदाची चर्चा आली कुठून?

ही चर्चा प्रामुख्याने अमेरिकेतली. तिथे रात्री उशिरा लागणाऱ्या विनोदी शोंचा कल बऱ्याच काळापासून उदारमतवाद्यांकडे राहिलाय. जॉन स्ट्युअर्टने १९९९ मध्ये ‘द डेली शो’ हातात घेतला आणि राजकीय बातम्यांची टर उडवणं हा तिथला मोठा उद्योग झाला. याला उत्तर म्हणून फॉक्स न्यूजने २००७ मध्ये उजव्या विचारांचा विनोदी शो काढला. तो काही महिन्यांत बंद पडला.

डॅनागल यंग या अमेरिकन प्राध्यापिकेने यावर एक मांडणी केली आहे. उपरोधात बोललेलं एक असतं आणि अर्थ दुसराच असतो. ही संदिग्धता उदारमतवाद्यांना जास्त रुचते, तर पुराणमतवाद्यांना थेट, स्पष्ट, आवेशाने केलेली टीका जवळची वाटते, असं त्या म्हणतात. म्हणून एकीकडे विनोदी शो वाढले आणि दुसरीकडे रेडिओ-टीव्हीवरचे तावातावाने बोलणारे निवेदक.

पण गोष्ट इथे संपत नाही. २०२१ पासून फॉक्स न्यूजवर रोज रात्री लागणारा ग्रेग गटफेल्डचा उजवा विनोदी शो प्रेक्षकसंख्येत जुन्या, नावाजलेल्या शोंच्या पुढे गेला. म्हणजे उजवीकडेही हसणारे होतेच.

आणि हे समजायला अमेरिकेत जायची गरजही नाही. महाराष्ट्राचा इतिहास पुरेसा आहे.

एक पक्ष, जो व्यंगचित्रांतून जन्मला

१९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. तिघेही कम्युनिस्ट. तमाशाचा बाज घेऊन त्यांनी सावकार, मालक आणि पुढाऱ्यांची फिरकी घेतली. गिरणगावातला कामगार खळखळून हसला. पुढे मुंबई सरकारने या कलापथकावर बंदी घातली.

त्यानंतर आली संयुक्त महाराष्ट्राची चळवळ. आचार्य अत्रे सभांमधून आणि १९५६ मध्ये सुरू केलेल्या ‘मराठा’ दैनिकातून मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांना झोडपत होते. संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट होते, समाजवादी होते, शेकाप होता आणि हिंदू महासभाही होती. अत्र्यांच्या कोटीवर हे सगळे एकाच मैदानात हसत होते, कारण सगळ्यांचा विरोधक एकच होता, तो म्हणजे सत्तेतली काँग्रेस.

मग १३ ऑगस्ट १९६० रोजी ‘मार्मिक’ आलं. फ्री प्रेस जर्नलमधली नोकरी सोडलेल्या बाळासाहेब ठाकरेंनी भाऊ श्रीकांत ठाकरेंसोबत हे व्यंगचित्र साप्ताहिक काढलं. नाव वडिलांनी, म्हणजे प्रबोधनकारांनी सुचवलेलं. प्रकाशन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते झालं. मराठी माणसाच्या नोकऱ्यांचा प्रश्न ‘मार्मिक’ने लावून धरला आणि १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली. कम्युनिस्टांचा कडवा विरोध करणारा हा पक्ष व्यंगचित्रांच्या पानांवर वाढला होता.

त्यामुळे ‘उजव्यांना विनोद कळत नाही’ हे वाक्य महाराष्ट्रात तरी टिकत नाही.

दादा कोंडके कुठले, डावे की उजवे?

सर्वात बोलकं उदाहरण दादा कोंडके यांचं. त्यांची सुरुवात समाजवादी विचारांच्या राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून झाली. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याने ते घराघरात पोहोचले. राजा, प्रधान, कोतवालाच्या गोष्टीत दादा त्या त्या दिवसाच्या राजकारणावर टोले हाणायचे. रोख बहुतेकदा सत्ताधारी काँग्रेसवर.

१९७१ मध्ये ‘सोंगाड्या’ला दादरचं कोहिनूर थिएटर मिळेना, तेव्हा बाळासाहेब आणि शिवसैनिक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे दादा शिवसेनेचे जाहीर समर्थक आणि सभांमधले वक्ते झाले.

सेवा दल ते शिवसेना हा प्रवास मोठा आहे. पण दादांच्या विनोदाची जात बदलली नाही आणि निशाणाही फारसा बदलला नाही. दोन्हीकडून खुर्ची एकच दिसत होती.

खुर्ची मिळाल्यावर काय होतं?

आता उलट बाजू पाहू.

आणीबाणीनंतर १९७७ च्या निवडणुकीत पु. ल. देशपांडेंनी जनता पक्षासाठी सभा घेतल्या. विरोधकांना पु. ल. अर्थातच हवेहवेसे वाटले. १९९६ मध्ये शिवसेना-भाजप युती सरकारने त्यांना पहिला महाराष्ट्र भूषण पुरस्कार दिला. मात्र पुलंनी ‘ठोकशाही’च्या भाषेबद्दल नाराजी व्यक्त करताच बाळासाहेबांनी त्यांच्यावर जाहीर टीका केली, त्यांच्या नावावर ‘मोडका पूल’ अशी कोटीही केली.

सप्टेंबर २०१२ मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत देशद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. तेव्हा राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार होतं. टीका झाल्यावर ते कलम मागे घेण्यात आलं.

सप्टेंबर २०२० मध्ये उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होते. त्यांच्यावरचं एक व्यंगचित्र व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड केलं म्हणून कांदिवलीत एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याला शिवसैनिकांनी मारहाण केली. व्यंगचित्रांवर वाढलेल्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी एका व्यंगचित्रावरून हात उचलला होता.

आणि २०२५ मध्ये कामरा. पक्ष बदलले, आघाड्या बदलल्या, पण विरोधात असताना विनोद हवासा आणि सत्तेत आल्यावर नकोसा, हे गणित कायम राहिलं.

आणि प्रेक्षकांचं काय?

फक्त नेत्यांनाच दोष देऊन चालणार नाही. १९७१ मध्ये अमेरिकेत ‘ऑल इन द फॅमिली’ ही मालिका सुरू झाली. तिच्यातला आर्ची बंकर वर्णद्वेषी बडबड करायचा आणि निर्मात्यांचा हेतू त्याची खिल्ली उडवण्याचा होता. पण १९७४ च्या एका अभ्यासात दिसलं की, ज्यांच्या मनात पूर्वग्रह जास्त होते, त्यांना आर्चीचंच बरोबर वाटत होतं.

२००९ मध्ये स्टीफन कोल्बेरवर असाच अभ्यास झाला. तो आपल्या शोमध्ये उजव्या निवेदकाचं सोंग घ्यायचा. उदारमतवाद्यांना तो गंमत करतोय असं वाटलं, तर पुराणमतवादी प्रेक्षकांचा कल ‘तो वरवर गंमत करतोय, पण मनातलंच बोलतोय’ असं मानण्याकडे होता. विशेष म्हणजे दोघांनाही तो सारखाच विनोदी वाटला.

म्हणजे विनोद मत बदलतोच असं नाही. अनेकदा तो आपलं आधीचं मतच पक्कं करतो. नावडत्या नेत्यावरचा जोक ‘सडेतोड’ वाटतो आणि आवडत्या नेत्यावरचा ‘पातळी सोडलेला’. फॉरवर्डचं बटण यातूनच दाबलं जातं.

कायदा काय म्हणतो?

मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये, याचिका प्रलंबित असेपर्यंत कामराला अटकेपासून संरक्षण दिलं. त्याआधी, २८ मार्च २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावरचा गुजरातमधला गुन्हा रद्द केला होता. कविता, नाटक, चित्रपट, उपहास आणि कला यांमुळे आयुष्य अर्थपूर्ण होतं, असं न्यायालयाने त्यात म्हटलं. शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस आणि खंबीर मनाच्या माणसाच्या कसोटीवर, सतत असुरक्षित वाटणाऱ्याच्या नव्हे, हेही स्पष्ट केलं.

पण कोर्टाचा निकाल यायला वेळ लागतो. तोडफोड एका रात्रीत होते. पुढच्या वेळी स्टेज भाड्याने देणारा मालक दहादा विचार करतो आणि कित्येक विनोद लिहिण्याआधीच गाळले जातात. हे नुकसान कुठल्याही एफआयआरमध्ये नोंदवलं जात नाही.

म्हणूनच ‘हा कॉमेडियन डावा की उजवा’ या प्रश्नाने फार काही हाती लागत नाही. खरी परीक्षा आपल्या नेत्यावर जोक होतो तेव्हा असते. तो आवडला नाही, तर व्हिडिओ बंद करता येतो, टीका करता येते, उलट जोकही मारता येतो. अत्रे आणि ठाकरे एकमेकांशी भांडले तेव्हा हत्यार म्हणून दोघांकडे शब्द होते, कोट्या होत्या आणि आपापलं वृत्तपत्र होतं.