टांगत्या थेंबातला तंतू

बार्सिलोना, १८९०. सान्तियागो रामोन इ काहाल सूक्ष्मदर्शकावर वाकलेला आहे आणि तुम्ही त्याच्या मागे ताटकळताय. अंड्यात जेमतेम तीन-चार दिवस वाढलेल्या कोंबडीच्या भ्रूणाचा मज्जारज्जू त्याने आधी डायक्रोमेटच्या द्रावणात आणि मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये मुरवलाय. तो बाजूला होतो, तुम्ही डोळा लावता. पिवळट पार्श्वभूमीवर मोजकेच चेतातंतू काळेकुट्ट उमटलेत. प्रौढ मेंदूत त्यांचं इतकं रान माजलेलं असतं की एकाचा माग काढणं मुश्कील, म्हणून हा पठ्ठ्या भ्रूणाकडे वळला. एका तंतूच्या टोकाशी शंकूसारखा फुगवटा दिसतो, त्याला बारीक काटे. हे टोक वाट काढत पुढे चाललंय, असं काहाल ठासून सांगतो. पण काचेखालचं सगळं कधीच मेलेलं आहे. चाल दिसणार कशी?

विरोधकांचं म्हणणंच वेगळं. तंतू वाढत कुठे जातच नाही. पेशींमधले पूल आधीपासून असतात, नाहीतर वाटेतल्या पेशी सांधून तो तयार होतो. मेलेल्या नमुन्यांवर हा वाद मिटणारा नव्हता.

म्हणून आता बाल्टिमोर, १९०७. रॉस हॅरिसन बेडकाच्या भ्रूणातून मज्जानलिकेचा तुकडा काढतोय, त्यात एकही तंतू फुटायच्या आत. मोठ्या बेडकाच्या लसीकेचा थेंब पातळ काचेवर, त्यात तो तुकडा. लसीका गोठते. काच उलटी करून खोलगट पट्टीवर ठेवायची, कडा मेणाने बंद. थेंब आता खाली लोंबतोय. एवढ्या खटाटोपानंतर जंतू शिरले तर सगळं मुसळ केरात, त्यामुळे तुम्हाला कशालाही हात लावायची परवानगी नाही.

वाट बघा. पेशीतून एक पारदर्शक धागा बाहेर येतो आणि त्याचं टोक जिवंत आहे! वीज गेल्यावर भिंतीवर बटण चाचपणारी बोटं असतात ना, तसे त्याचे केसाएवढे काटे बाहेर येतात, वळवळतात, आत जातात. एका तंतूची वाढ हॅरिसनने नोंदवली: २५ मिनिटांत सुमारे २० मायक्रॉन. या वेगाने मिलिमीटरभर जायला वीस-एकवीस तास लागतील. थेंबात ना पूल आहे, ना सांधायला दुसऱ्या पेशी. तंतू एकाच पेशीतून आलाय. काहालचं खरं ठरलं. (१९१७ च्या नोबेलसाठी समितीने हॅरिसनची शिफारस केली, पण त्या वर्षी पुरस्कार दिलाच गेला नाही. प्रयोगशाळेत ऊती वाढवण्याचं अख्खं तंत्र त्या थेंबातून निघालं, तेव्हा हा कंजूसपणाच म्हणायचा.)

मात्र थेंबातल्या तंतूला कुठे पोचायचं नव्हतं. डोळ्यातून निघालेल्याला मेंदूतली नेमकी जागा गाठायची असते. १९४० च्या दशकात रॉजर स्पेरीने न्यूट या सरड्यासारख्या दिसणाऱ्या उभयचराची दृष्टिचेता कापली आणि डोळा उलटा फिरवला. चेता पुन्हा वाढली, दृष्टी परतली, पण आमिष वर धरलं की न्यूट खाली झेपावायचा. सवयीनेही त्यात फरक पडला नाही. म्हणजे तंतू आपापल्या जुन्या ठिकाणीच गेले होते. स्पेरी म्हणाला, ओळख रासायनिक असणार.

ट्यूबिंगन, १९८७. फ्रीडरिश बोनहोफरच्या प्रयोगशाळेत तुमच्यासमोर एक पट्ट्यापट्ट्यांचा गालिचा आहे, उघड्या डोळ्यांना न दिसणारा. कोंबडीच्या भ्रूणात डोळ्याचे तंतू मेंदूच्या ज्या भागात उतरतात, त्याच्या पुढच्या आणि मागच्या पेशींची पटलं आलटूनपालटून अंथरलीत. दृष्टिपटलाच्या कानशिलाकडच्या बाजूचे तंतू पुढच्या पट्ट्या धरून सरळ रेषेत निघतात. नाकाकडचे कुठेही बेधडक घुसतात. पुढच्या पट्ट्यांत काही गोड खाऊ असेल, असा तुमचा अंदाज. मागची पटलं तापवून पुन्हा अंथरली, तर कानशिलाकडचे तंतूही त्यांवरून खुशाल चालू लागतात. पुढे आमंत्रण नव्हतंच. मागे मज्जाव होता. आठ वर्षांनी तो करणारं एक प्रथिन याच प्रयोगशाळेला सापडलं. आज त्याला एफ्रिन-ए५ म्हणतात.