डायलच्या डाव्या टोकाचे एक केंद्र

अमेरिकेत हायवेवर लांबचा प्रवास करताना एफएमची सुई डावीकडे, 88 ते 92 मेगाहर्ट्झच्या दरम्यान नेली की बहुधा दोनच गोष्टी कानी पडतात : एखाद्या विद्यापीठाचे केंद्र, नाहीतर गिटारच्या साथीवर गायलेली येशूची गाणी. आपल्यापैकी बरेच जण पहिल्यावर थांबतात आणि दुसऱ्यावरून पुढे सरकतात. हे दोघे शेजारी कसे झाले, ती हकीकत मात्र ऐकण्यासारखी आहे.

1945 साली एफसीसीने, म्हणजे इथल्या दळणवळण आयोगाने, एफएमचा पट्टा आजच्या जागी हलवला. त्यातली 88.1 ते 91.9 ही वीस घरे बिगर-व्यापारी केंद्रांसाठी राखून ठेवली. जाहिराती घ्यायच्या नाहीत आणि संस्था नफ्यासाठी चालवायची नाही, या अटींत विद्यापीठे बसतात तशाच धर्मसंस्थाही बसतात. रविवार सकाळचा भारतीय गाण्यांचा तास ज्या कॉलेज-केंद्रांवर अनेक गावांत लागत आला, तीही बहुतेक याच आळीतली. तेव्हा हा शेजार आपलाही आहे.

ऑक्टोबर 1982 मध्ये या आळीच्या अगदी शेवटच्या घरात, 91.9 वर, उत्तर कॅलिफोर्नियातील सॅन्टा रोझा येथे केसीएलबी नावाचे केंद्र सुरू झाले. गाव तेव्हा ऐंशी-पंच्याऐंशी हजार वस्तीचे, आजूबाजूला द्राक्षांचे मळे. संस्थापक बॉब अँथनी फोगल हे सॅन फ्रान्सिस्कोच्या रेडिओत मुरलेले गृहस्थ. त्या काळी बरीच ख्रिस्ती केंद्रे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे पाडून प्रवचनकारांना विकत असत. केसीएलबीने मुख्यतः गाणी लावली, तीही नव्या चालीची. 1970 च्या आसपास कॅलिफोर्नियातल्या हिप्पी तरुणांत जी येशूभक्तीची लाट आली, तिने चर्चमध्ये ऑर्गनच्या जागी गिटार आणली होती. केंद्राचा खर्च श्रोत्यांच्या देणग्यांतून चालायचा. दशक संपता संपता केंद्राने के-लव्ह हे नाव घेतले.

इथवर ही एका गावाची गोष्ट आहे. पुढचे वळण माझ्या मते संगीताने किंवा धर्माने दिलेले नसून एका तांत्रिक नियमाने दिले. एफएमच्या लहरी डोंगराआड पोहोचत नाहीत, म्हणून डोंगरावर छोटी यंत्रे बसवतात. ती मूळ केंद्र ऐकून तेच दुसऱ्या फ्रीक्वेन्सीवर पुन्हा सोडतात. यांना म्हणतात ‘ट्रान्सलेटर’. (भाषांतर शब्दाचेही होत नाही, होते ते फक्त फ्रीक्वेन्सीचे!) या यंत्राला मूळ केंद्र हवेतून ऐकू यायलाच हवे, अशी अट होती. त्यामुळे त्याचा पल्ला आपोआप शेजारच्या खोऱ्यापुरता राही. 1988 मध्ये एफसीसीने राखीव पट्ट्यातल्या ट्रान्सलेटरांना उपग्रहावरून कार्यक्रम घेण्याची मुभा दिली. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर एक ‘चेक’ काढून टाकला आणि प्रोग्रॅम अनंत प्रती काढू लागला. एका खोलीत बसलेला निवेदक आता हजार मैलांवरच्या गावाचाही ‘स्थानिक’ आवाज होऊ शकत होता.

के-लव्हने ही संधी पुरेपूर घेतली. इतरांनीही घेतली. 2003 मध्ये एफसीसीने ट्रान्सलेटरांसाठी अर्ज मागवले तेव्हा तेरा हजारांवर अर्ज आले, आणि त्यांतले चार हजारांहून अधिक आयडाहोतील ट्विन फॉल्स या छोट्या गावातल्या दोन संलग्न संस्थांचे होते. या ढिगाखाली चेंगरली ती 2000 साली मान्यता मिळालेली शंभर वॅटची अल्पशक्ती केंद्रे. पाच-सहा किलोमीटरचा पल्ला असलेली ही केंद्रे गावोगावच्या संस्थांसाठी होती, आणि त्यांसाठी अर्ज करणाऱ्यांत चर्चेसही पुष्कळ होती. 2011 च्या जानेवारीत नवा कायदा झाला आणि 2013 मध्ये पुन्हा अर्जांची खिडकी उघडली, तेव्हा कुठे त्यांना मोकळीक मिळाली.

दरम्यान के-लव्हचे मुख्यालय सॅन्टा रोझाहून सॅक्रामेंटोजवळच्या रॉकलिनला आणि पुढे टेनेसीत गेले. राखीव आळीही अपुरी पडली. 2017 मध्ये संस्थेने लॉस एंजेलिसचे 100.3 हे केंद्र आणि आणखी दोन केंद्रे मिळून सुमारे 5 कोटी 77 लाख डॉलर्सना घेतली. 2019 मध्ये न्यूयॉर्कचे प्रसिद्ध डब्ल्यूपीएलजे आणि आणखी पाच केंद्रे मिळून 10 कोटी 35 लाखांना घेतली. आज संस्थेची हजाराहून अधिक प्रक्षेपणे आहेत. श्रोत्यांच्या देणग्यांवर हे उभे राहिले, याचे कौतुक करायलाच हवे.

पण 8 ऑक्टोबर 2017 च्या रात्री कॅलिस्टोगाजवळ वणवा पेटला आणि वाऱ्याबरोबर पहाटेपूर्वी सॅन्टा रोझात घुसला. कॉफी पार्कची वस्ती राख झाली. त्या वणव्यात 22 माणसे गेली आणि पाच हजारांवर इमारती जळाल्या. मोबाइलचे अनेक मनोरे बंद पडले होते आणि काउंटीने सरसकट मोबाइल-इशारा पाठवला नव्हता. कुठला रस्ता उघडा, कुठली शाळा आसऱ्याला, हे लोकांना सांगत राहिले केएसआरओ हे गावातले जुने व्यापारी केंद्र. कारण तिथे माणसे बसलेली होती, आणि त्यांना रस्त्यांची नावे पाठ होती.

प्रत्येक केंद्राचा मुख्य स्टुडिओ आपल्या गावात किंवा गावाजवळ असलाच पाहिजे, हा एफसीसीचा जवळपास ऐंशी वर्षांचा नियम होता. उपग्रहवाल्या बिगर-व्यापारी जाळ्यांना त्यातून सवलती मिळतच होत्या. 24 ऑक्टोबर 2017 रोजी, सॅन्टा रोझात अजून राख उपसणे चालू असताना, आयोगाने तो नियम तीन विरुद्ध दोन मतांनी सर्वांसाठीच रद्द केला.