कविशिक्षा आणि राजशेखर

कवी जन्मावा लागतो, तो घडविता येत नाही, हा समज आपल्याकडे इतका दृढ आहे की साहित्यनिर्मितीच्या शिक्षणाची कल्पना अनेकांस परकीय वाटते. वस्तुतः संस्कृत साहित्यशास्त्रात 'कविशिक्षा' ही एक स्वतंत्र शाखाच होती. तिचे स्वरूप जाणण्यास राजशेखराची 'काव्यमीमांसा' विशेष उपयुक्त आहे.

राजशेखर इ. स. ९०० च्या सुमारास कनौजच्या प्रतीहार राजांच्या आश्रयास होता. आपला पूर्वज अकालजलद यास तो 'महाराष्ट्रचूडामणि' म्हणतो. त्याच्या संकल्पित १८ अधिकरणांपैकी 'कविरहस्य' हे पहिलेच आज उपलब्ध असून, ते १९१६ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले.

राजशेखर प्रतिभा नाकारीत नाही. परंतु तिचे भेद करतो. निर्माण करणारी ती कारयित्री, आस्वाद घेणारी ती भावयित्री. कारयित्री प्रतिभाही केवळ सहजा नसते. या जन्मीच्या संस्कारांनी लाभणारी आहार्या आणि मंत्रतंत्रादींच्या उपदेशाने लाभणारी औपदेशिकी असे आणखी दोन प्रकार तो मानतो. अभ्यासास वाव मिळतो तो येथेच.

दहाव्या अध्यायातील कवीची दिनचर्या या दृष्टीने महत्त्वाची आहे. पहिला प्रहर विद्याध्ययनाचा, दुसरा रचनेचा, तिसरा काव्यगोष्ठीचा आणि चौथा सकाळच्या रचनेच्या परीक्षणाचा. रसावेशात लिहिणाऱ्याची विवेकदृष्टी जागृत नसते, असे कारण तो देतो. रचना व परीक्षण या दोन भिन्न मनोवृत्ती आहेत, हे त्याने नेमके ओळखले होते.

कवीच्या दहा अवस्थाही त्याने वर्णिल्या आहेत. त्यांतील 'हृदयकवि' आपले काव्य मनातच लपवितो. 'अन्यापदेशी' दोषांच्या भयाने स्वतःची रचना दुसऱ्याची म्हणून वाचतो. विद्यार्थ्यांच्या वह्या पाहिलेल्या कोणत्याही अध्यापकास हे दोघे अपरिचित वाटणार नाहीत. भय हीदेखील शिक्षणातील एक पायरीच होय, ही जाणीव येथे दिसते. शिवाय संस्कार आत्म्याशी निगडित असल्याने स्त्रियाही कवी होऊ शकतात, असे तो स्पष्ट म्हणतो. पत्नी अवंतिसुंदरी हिची मतेही तो आदराने नोंदवितो.

या शिक्षेस मर्यादा होत्याच. सेवक, उद्यान आणि राजसभा गृहीत धरणारी ही दिनचर्या सामान्य माणसाची नव्हे. अकराव्या शतकातील काश्मीरचा क्षेमेंद्र 'कविकंठाभरणा'त कवीसाठी शंभर शिक्षा सांगतो. पण शुष्क व्याकरण व तर्क यांनी ज्याचे मन कोरडे झाले, त्यास तो असाध्य ठरवितो. हा इशारा आम्हा अध्यापकांसही लागू आहे.

आपले साहित्यविभाग मुख्यत्वे भावयित्री प्रतिभेची जोपासना करीत आले. कारयित्रीचा विचार केला, तर ते परानुकरण न ठरता एका विस्मृत परंपरेचे पुनःस्मरण ठरेल. प्रतिभा शिकविता येत नाही, हे मान्य. परंतु चौथ्या प्रहरीचे परीक्षण निश्चित शिकविता येते.